सव्वादोनचं पाणी

बर्लिनच्या शाळांना ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दोन आठवडे शरदाची सुट्टी असते. जुनी माणसं तिला अजून बटाट्याची सुट्टी म्हणतात. पूर्वी पोरांनी शेतावर बटाटे काढायला हातभार लावावा म्हणून ती दिली जायची. आता बटाटे यंत्रं काढतात आणि पोरं आईबापांबरोबर पिवळ्या-तांबड्या जंगलात हिंडतात, चेस्टनट वेचतात, पतंग उडवतात, नाहीतर शहराबाहेर लिनुमला जाऊन क्रौंच बघतात. दर शरदात तिथे हे पक्षी हजारोंनी उतरतात. त्यांना बघायला आलेली माणसं लोकरी टोप्या घालून बांधावर अशी चिडीचूप उभी असतात, की शिंक आली तरी शेजाऱ्याची परवानगी घ्यावीशी वाटते.

यंदा ही सुट्टी आणि दिवाळी बरोबर एकमेकींवर पडल्या. म्हणून बायको आणि लेकीला घेऊन भाऊबीजेला ताईकडे ऐरोलीला आलो.

विमानतळावरून टॅक्सी निघाली ती मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर चढली तेव्हा नुकतं फटफटत होतं. ठाणे खाडीवरचा हा पूल १९९९ सालचा. त्याआधी मुलुंडच्या माणसाला समोर दिसणाऱ्या ऐरोलीत यायचं तर ठाण्याला नाहीतर वाशीला वळसा घालावा लागे. खाली समुद्र असणार म्हणून लेकीने काच खाली केली. समुद्र नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत करडा, ओला, चकाकणारा चिखल होता, मधून पाण्याची एक बारीक धार वाकडीतिकडी गेली होती, आणि त्या सगळ्याचा खारट-कुबट वास गाडीत शिरला. ‘समुद्र कुठे गेला?’ तिने विचारलं. टॅक्सीवाल्याने आरशातही न बघता सांगितलं, ‘येईल ना परत. दुपारी.’

मी लातूरचा. आमच्याकडे पाणी गेलं म्हणजे गेलं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावं लागलं, तेव्हा मी बर्लिनमध्ये नळाखाली हात धरून बातम्या बघत होतो. इतकं सगळं पाणी एखाद्या पहाटे उठून निघून जातं आणि जेवणाच्या सुमाराला परत येतं, हे टॅक्सीवाला ज्या बेफिकिरीने सांगत होता ती काही माझ्या पचनी पडेना.

ऐरोली तशी बघायला गेलं तर आखीव. नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली. तिने कागदावर जे सेक्टर काढले ते आता इमारती, शाळा, केमिस्ट आणि वडापावच्या गाड्यांसकट जमिनीवर उभे आहेत. त्यांच्या मधूनमधून ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली ही जुनी आगरी-कोळ्यांची गावं आपापल्या देवळांसह टिकून आहेत. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला खाडी. दिवाळीच्या चार दिवसांत या सेक्टरांमधून माणसं गळायला लागतात. लक्ष्मीपूजन झालं की गाड्यांच्या टपांवर बॅगा चढतात. कुणी दिवेआगरला, कुणी महाबळेश्वरला, कुणी गावी. वॉचमनकडे किल्ल्या आणि कुंड्यांना पाणी घालायच्या सूचना राहतात. खाली पोरांनी केलेल्या किल्ल्यावर मावळे एकटेच पहारा देत बसतात.

ताईकडेही गेल्या वर्षी असाच बेत झाला होता. बोरघाटात गाड्यांच्या रांगेत अडकून त्यांनी चिवड्याचा अख्खा डबा संपवला, आणि लोणावळ्याला पोचले तेव्हा परतायची वेळ झाली होती. म्हणून दाजींनी यंदा जाहीर केलं, ‘घाट नाही. टोल नाही. आपण खाडीत जायचं.’

दाजी मूळचे धाराशिवचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर माणूस देवळात जातो, शेअर बाजारात जातो. हे खाडीत गेले. घरात दोन दुर्बिणी, पक्ष्यांची पुस्तकं, चिखलाने कडक झालेले बूट, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. भाऊबीजेच्या रात्री ओवाळणं झालं, जेवणं झाली, ताईने उद्याचा बेत विचारला. दाजी कॅलेंडरसमोर उभे राहून म्हणाले, ‘उद्या तीज. पाणी सव्वादोनला येणार.’

लातूरच्या घरातही रोज रात्री हेच वाक्य बोललं जायचं. ते ऐकून आई घागरी विसळून ठेवायची.

मग दाजींनी मला हिशोब समजावला. या किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तो तोंडी करत आलेत. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. द्वितीयेला दीड वाजता. तृतीयेला तिनाचे पाऊण सव्वादोन. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते म्हणून हा हिशोब बसतो. घड्याळ सूर्यावर चालतं, पाणी चंद्रावर. वेळ निघते ती मुंबई बंदराची. ऐरोली खाडीत बरीच आत, तेव्हा इथे पाणी चढायला वर थोडा अवकाश द्यायचा. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी पार साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं; सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाण्याला फारसा जोर नसतो. दाजींचं हे सगळं उभ्याउभ्या, हातात सुपारी धरून. मी इंजिनिअर माणूस, फोन काढून भरतीचं कोष्टक पडताळून पाहिलं. पाच-दहा मिनिटांचा फरक निघाला. दाजींनी कोष्टकाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून चूक कोष्टकाची होती हे उघड होतं.

आमच्या जर्मनीत सुट्टी कधी हे राज्याचं शिक्षणखातं काही वर्षं आधीच ठरवून टाकतं. गाडी कधी हे रेल्वे ठरवते आणि मग त्या वेळेला येत नाही, ते सोडा. ऐरोलीत मात्र दिवाळी तिथीवर, भाऊबीज तिथीवर, आणि दुसऱ्या दिवशी होडी कधी सुटणार हेही तिथीवर. आत्ताआत्तापर्यंत मी पंचांगाला लग्नमुंजीची वही समजत होतो.

अडचण जेवणाची होती. होडी चढत्या पाण्यावर काढायची तर बारा-साडेबाराला जेटीवर हजर पाहिजे. ताई म्हणाली, ‘म्हणजे जेवायचं कधी? अकराला? का चारला?’ समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं आणि त्यांची दोन पोरं, दाजींचा कारखान्यातला एक जुना मित्र सहकुटुंब, आणि आम्ही. एवढ्या माणसांच्या पोटाची वेळ चंद्राने ठरवावी हे ताईला मान्य नव्हतं. शेवटी पुऱ्या-बटाट्याची भाजी, दहीभात आणि उरलेला फराळ असा मुक्काम-पोस्ट डबा ठरला. होडीत फक्त पाणी, जेवण उतरल्यावर. समोरच्या काकूंनी तरी पर्समध्ये करंज्या घेतल्याच. ‘पोरांना भूक लागते’ म्हणाल्या. खाल्ल्या मात्र काकांनी.

किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र हे ऐरोलीत खाडीच्या काठाला, दिव्याच्या बाजूला आहे. २०१७मध्ये ते सुरू झालं. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने जीआयझेड या जर्मन संस्थेच्या सहकार्याने ते उभं केलं. लेकीला फलकावर ओळखीचं नाव दिसल्यावर तिने आजूबाजूच्या सगळ्यांना जर्मन उच्चारासकट ते वाचून दाखवलं. आत देवमाशाचा सांगाडा आहे. पोरं त्याच्या बरगड्या मोजायला लागली, मोजता मोजता भांडली, आणि आम्ही त्यांना ओढून कांदळवनातल्या पायवाटेवर नेलं.

इथे मी थांबलो. खरं तर सगळे पुढे गेले आणि मी मागे राहिलो.

पायवाटेच्या दोन्ही अंगांना तिवराची झाडं. उंची फार नाही, पानं जाड, वरून हिरवी आणि खालून फिकट. त्यांच्याखाली चिखलातून बोटाएवढी मुळं उलटी, आकाशाच्या दिशेने वर आलेली. एका झाडाभोवती शेकड्यांनी. खाडीच्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून हे झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. दाजींनी परत येऊन लेकीला सांगितलं, ‘पान चाटून बघ.’ तिच्या आईने नको म्हणायच्या आत तिने चाटलं. खारट! तिवराचं झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हात निरखून पाहिलं तर पानावर मिठाचे कण लकाकताना दिसतात. मग आम्ही सगळ्यांनीच एकेक पान चाटलं. समोरचे काका म्हणाले, भाजीत मीठ कमी पडलं तर सोय झाली.

त्या मुळांच्या मधल्या चिखलात निवट्या होत्या. निवटी हा मासा आहे, हे मला तीन वेळा सांगावं लागलं. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालणारा, मधेच टुणकन उडी मारणारा मासा. कातडी ओली असेपर्यंत तिच्यातूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर त्याचं बरं चालतं. ‘चवीला मस्त असतात,’ दाजींचे मित्र हळूच म्हणाले. शेजारीच नखाएवढ्या खेकड्यांची वस्ती. यांच्या नराचा एक डेंगा त्याच्या अंगाच्या मानाने भलताच मोठा. बिळाच्या तोंडाशी उभा राहून तो डेंगा वर-खाली हलवतो, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन गाडीला ‘या, या, अजून मागे’ करतो अगदी तसा. माद्यांना बोलावण्यासाठी हे चाललेलं असतं. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एकही मादी आली नाही, पण त्याचा हात थांबला नाही. खाली इमारतीच्या सावलीत, हमरस्त्यापासून पाच मिनिटांवर, हे असं सगळं चाललेलं असतं आणि वरच्या मजल्यांवर लोक ऑनलाइन रिसॉर्ट शोधत असतात.

साडेबाराला पाणी चिखलावर चढायला लागलं. आधी बारीक नाळांतून, मग पसरत, आणि बघता बघता मुळं दिसेनाशी झाली. लातूरच्या माणसाला पाणी उलट्या दिशेने वाहताना बघायची सवय नसते. नदी डोंगराकडून समुद्राकडे जाते एवढंच माझं शिक्षण. इथे समुद्र ठाण्याकडे निघाला होता आणि सोबत एक चप्पल, थर्माकोलचा तुकडा आणि गणपतीच्या मखराची कडा घेऊन चालला होता. तिवराच्या फांद्यांवर ठरावीक उंचीला प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या होत्या. उधाणाचं पाणी कुठवर येतं हे सांगायला वेगळ्या खुणेची गरज नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला मनाई केली, त्यानंतर इथली झाडं वाचली. पिशव्यांचं मात्र कुणीच काही करू शकलेलं नाही.

होडीत नारिंगी जॅकेटं घालून बसलो. नाखवा दिवागावातला, पन्नाशीचा. पहिला प्रश्न समोरच्या पोराने विचारला, जो प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारत असणार. ‘फ्लेमिंगो कुठेत?’

‘आता कुटं? थंडी परू दे,’ नाखवा म्हणाला.

होडीभर निराशा पसरली. ऐरोलीची ख्याती रोहित पक्ष्यांमुळे. ठाणे खाडीचा सोळाशे नव्वद हेक्टरांचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२मध्ये खाडी रामसर यादीत गेली. पण रोहितांचे मोठे थवे जमतात ते हिवाळा लागल्यावर, आणि खरी गर्दी त्याच्याही पुढे, थेट मे महिन्यापर्यंत. कच्छकडून येणाऱ्या या पाहुण्यांना आमच्या दिवाळीच्या सुट्टीशी देणंघेणं नाही. दाजींनी मात्र त्यांच्याविषयी जे सांगितलं त्याने मी चाट पडलो. छोटे रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातात, त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यांनी गुलाबी होतात. आणि खाडीत हे शेवाळ इतकं माजतं त्याला आपल्या शहरांतून येणारं सांडपाणी, त्यातलं नत्र आणि स्फुरद, हे मोठं कारण मानलं जातं. म्हणजे मुलुंडचं, ठाण्याचं, ऐरोलीचं जे काही नळीवाटे जातं ते फिरून गुलाबी पंख होऊन उडतं. ‘फोटो काढताना लोकांना हे सांगू नका,’ दाजी म्हणाले.

रोहित नव्हते, पण खाडी रिकामी नव्हती. चढत्या पाण्याने चिखलाच्या पट्ट्या लहान होत चालल्या होत्या आणि पक्षी उरलेल्या पट्ट्यांवर दाटीने सरकत होते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, लांब चोचीचे पाणटिवळे, बगळे. विजेचे तारखांब खाडीच्या मधोमध उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत होते. आणि अगदी पाण्याच्या ओळीवर, पाय भिजतील न भिजतील अशा बेताने पळणारे टिलवे. टिलवा म्हणजे वीस-तीस ग्रॅमचा जीव, चिमणीएवढाच. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ माळरानावर तो अंडी घालतो आणि तिथला उन्हाळा आटपला की खाली निघतो. दुर्बीण लेकीकडे होती. तिने विचारलं, ‘हा आपल्या घरावरून आला असेल?’ दाजींनी उत्तर दिलं नाही, दिशा मोजत राहिले. सैबेरियातून आला असेल तर नाही, म्हणाले शेवटी.

मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय की आपल्याकडे शरद ऋतू फक्त पंचांगात असतो, बाकी नुसती ऑक्टोबर हीट. झाडं पिवळी पडत नाहीत, पानं गळत नाहीत. घाम मात्र त्या दुपारी माझा माझ्यापाशी होताच. पण बर्लिनच्या जंगलातून जे निघून जाताना दिसतं, त्याच्या जातकुळीतलं काहीतरी इथे येऊन उतरलेलं होतं, मुलुंडच्या मिठागरांसमोर, पुलावरच्या हॉर्नांच्या खाली.

आणि कुणीही गप्प नव्हतं. लिनुमच्या बांधावरची ती शिस्त मला आठवली आणि आमच्या होडीकडे पाहून हसू आलं. ‘चिनू, बूड टेकव!’ ‘अगं तो बघ, तो बघ!’ ‘कुठे?’ ‘गेला.’ काकूंनी घरी व्हिडिओ कॉल लावून सासूबाईंना खाडी दाखवली. सासूबाईंनी विचारलं, जेवलात का. दाजींचे मित्र जुनं कोळीगीत गुणगुणत होते. मला वाटलं होतं पक्षी उडतील. एकही उडाला नाही. मागे पुलावर गाड्या, वर विमानं, पलीकडे कारखाने. या गोंगाटात जगायचं ठरवून आलेल्या पक्ष्यांना आमच्या होडीचं काय. नाखव्याने इंजिन बंद केलं तेव्हाच काय ती पोरं आपणहून शांत झाली, कारण होडी तरीही पुढे जात होती. पाणी नेत होतं.

‘उधानाचं पानी हाय,’ नाखवा म्हणाला. भरतीबरोबर बोय आत येते, कोळंबी येते. त्याचा बाप याच खाडीत पाग टाकायचा, रात्रीची वेळ तिथीवरून काढायचा. आता मासळी कमी झाली. तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही, पण दाजी आणि तो दोघेही थोडा वेळ कारखान्यांच्या बाजूला बघत राहिले.

जेवायला पावणेचार वाजले. पुऱ्या वातड झाल्या होत्या, तरी त्या दिवशी दहीभातावर पोरांनी जी झड घातली ती मी आमच्याकडच्या कुठल्याही जर्मन सहलीत पाहिलेली नाही.

रात्री सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसलो होतो. उरलेसुरले फटाके संपले आणि खाडीच्या अंधारातून कुणीतरी रडायला लागलं. एक, मग दुसरा, मग टोळकंच. बायको उठून उभी राहिली. ताई आतून मटार सोलत म्हणाली, ‘कोल्हे आहेत. बसा.’ सोनेरी कोल्हे या कांदळवनांत राहतात, खेकडेबिकडे खातात, आणि लिफ्टच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर त्यांची कोल्हेकुई चालते. जर्मनीत सोनेरी कोल्हा कुठे दिसला तर तिथल्या वर्तमानपत्रात बातमी येते. इथे ताईने मान वर केली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दाजी नाखव्याचा निरोप घेऊन आले. थंडीत या, वालाच्या शेंगा आल्या की दिव्याला पोपटी लावू. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला; मडकं पालथं घालून भोवती जाळ. रोहितही तोवर आलेले असतील. मी सांगितलं, लेकीची नाताळची सुट्टी डिसेंबरच्या अखेरीला, आणि त्या दिवसांत विमानाच्या तिकिटाला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात दिवागावात होडी येईल.

‘पौर्णिमेच्या सुमाराला बघा,’ दाजी म्हणाले, ‘पाणी बाराच्या आसपास येतं. जेवणाचाही घोळ होणार नाही.’ आणि ताईकडे न बघता कॅलेंडरचं पान उलटून त्यांनी पेन्सिलीने वेळ लिहूनही टाकली.